पायऱ्या आणि पुण्य

जीवदानी मातेचे मंदिर विरार पूर्वेच्या डोंगरावर आहे. पायथ्यापासून तिथवर तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत. रोपवेची सोय झाली तरी पायऱ्यांचा मान कमी झालेला नाही. देवीच्या डोंगरांवर नवसाची माणसे अनवाणी चढतात, कुणी पायरी-पायरीला हळदकुंकू लावत जाते, धाप लागली की कठड्याला टेकते आणि पुन्हा चालू लागते. अशा ठिकाणी दिव्यांगांसाठी सोय करण्याचा विषय निघाला की एक जुना धार्मिक प्रश्न पुढे येतो. देवापर्यंतची वाट अवघड असणे हा भक्तीचाच भाग आहे, की ती निव्वळ बांधकामाची गोष्ट?

अवघडपणाच्या बाजूने तपाचा दाखला दिला जातो: कष्टावाचून फळ नाही, आणि देवी उंचावर बसली ती भक्ताची परीक्षा पाहायलाच. पण तपाला संकल्प लागतो. उपवास करणाऱ्याच्या घरात धान्य असते, म्हणून तो उपवास. ज्याच्या डब्यात दाणाच नाही, त्याच्या उपाशीपणाला कुणी एकादशी म्हणत नाही. चढणीचेही तसेच. ज्याचे पाय धड आहेत आणि ज्याला दुसरी वाट मोकळी आहे, तो पायऱ्या चढला तर ते तप. व्हीलचेअरवरच्या माणसापुढे त्याच पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या असतात, आणि भिंतीपुढे थांबून राहिल्याचे पुण्य कुणाला लागत नाही. सप्तशृंगी गडावर 2018 मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या. त्यामुळे कुणाचे तप बुडाले नाही. उलट आता जो चढतो तो चढायचे ठरवून चढतो. गीतेच्या ध्यानश्लोकांत ईश्वरी कृपेने पांगळाही डोंगर ओलांडतो असे म्हटले आहे. श्लोक घरोघरी पाठ आहे. डोंगराचे काम मात्र सगळ्यांनी कृपेवरच सोपवून ठेवले.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड आहे, म्हणून जास्त फसवा. देव सगळीकडे आहे, तेव्हा खालूनच हात जोडले तरी पोहोचतात. याला परंपरेचा आधारही आहे. पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आले नाही तर वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो. पुंडलिकाच्या कथेत तर भक्ताला जावेच लागत नाही. तो आईवडिलांच्या सेवेत आहे म्हणून देव दाराशी येतो आणि फेकलेल्या विटेवर उभा राहून वाट पाहतो. मात्र कळसदर्शनावर परतणारा वारकरी पुढच्या वारीला आत जाऊ शकतो, आणि त्याच्या शेजारचा धडधाकट माणूसही त्याच कारणाने बाहेर राहिलेला असतो. देव सर्वत्र असल्याचे तत्त्व फक्त अपंगालाच सांगितले जाते आणि सांगणारा स्वतः वर जाऊन ओटी भरून येतो, तेव्हा ते तत्त्वज्ञान राहत नाही, सबब होते. शिवाय मंदिरात माणूस मूर्तीसाठी जातो तितकाच मेळ्यासाठी जातो: आरतीत टाळी वाजवायला, पंगतीला बसायला. खाली ठेवलेला माणूस देवाला मुकत नसेल, पण लोकांना मुकतो.

यात्रेने कुठे जायचे, याचे एक वेगळे उत्तर विरारच्याच परिसरात दगडावर कोरलेले सापडले आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच काळात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. तुकडे लहान असले तरी इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण मजकूर कळतो. आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी यात्रा करीत; आपण धर्मयात्रा सुरू केली. तिच्यात संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाणे आहे, श्रमण-ब्राह्मणांना दान आहे, आणि वृद्धांना भेटून त्यांना सुवर्ण देणे आहे. चालायचे ते राजाने, म्हाताऱ्याने नाही. नवव्या लेखात लोकांच्या मंगलकार्यांना थोड्या फळाची ठरवून दास-नोकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे यांना मोठ्या फळाचे मंगल म्हटले आहे. अर्थात बौद्ध परंपराही या बाबतीत निर्दोष नाही. भिक्षूंच्या विनयाच्या नियमांत हात-पाय तुटलेल्यांना, आंधळ्यांना, लंगड्यांना प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, देऊ नये असे आहे. भिक्षेवर चालणाऱ्या संघाची अडचण त्यामागे असेल. पण संघाची अडचण आणि धर्माचे तत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वसईच्या ख्रिस्ती गावांमध्ये हाच प्रश्न शुभवर्तमानातून येतो. मार्कने सांगितलेली पक्षाघाती माणसाची गोष्ट तिथल्या कुठल्याही चर्चमध्ये ठाऊक असते. येशू कफर्णहूमला एका घरात होता, दाराशी गर्दी होती, म्हणून चौघांनी छप्पर उस्तरून खाट आत सोडली. घराच्या मालकाचे म्हणणे मार्कने नोंदवलेले नाही! नोंदवले आहे ते इतकेच, की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यात खाट वाहणारे चौघेही आले. म्हणजे आत जाता न येणे हा खाटेवरच्या माणसाचा दोष नव्हता. अडचण दाराची होती आणि ती सोडवण्याचे काम भोवतालच्यांचे होते.

दोषाचा हा मुद्दा सर्वांत खोल आहे, कारण अपंगत्व पूर्वकर्माचे फळ ही समजूत आजही बोलून दाखवली जाते. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप याचे की आईबापांचे असे विचारतात. येशू दोन्ही नाकारतो. कर्मसिद्धान्त मानला तरी त्यातून रॅम्प न बांधण्याची मुभा निघत नाही. समोरच्याचे प्रारब्ध काहीही असो, पायरी बांधणे हे बांधणाऱ्याचे चालू कर्म आहे आणि त्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर पडतो.

कायद्याने हा वाद कृपा आणि कर्माच्या बाहेर नेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरात असलेली खासगी इमारतही येते. देऊळ, चर्च, मशीद, विहार, कुणालाच वेगळी सूट नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवणारा नियम अवैध ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सांगितले.

निकष म्हणजे काय हे एका आकड्यावरून कळते. रॅम्पचा चढ एकास बारा असावा लागतो. सभामंडपाच्या तीन पायऱ्या मिळून 45 सेंटिमीटर उंच असतील तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. जागा वाचवण्यासाठी तो दोन मीटरांत बसवला, वर गुळगुळीत ग्रॅनाइट घातले, की पावसाळ्यात चालणाऱ्यालाही तो घसरगुंडी वाटतो. दाराच्या उंबरठ्याचाही विचार करावा लागतो, कारण चार बोटांचा उंबरठा चाक अडवायला पुरतो.

उरतो तो पावित्र्याचा प्रश्न. चपला बाहेर राहतात, मग रस्त्यावरून आलेली चाके आत कशी? कृत्रिम पायाच्या बाबतीत ही अडचण ओळखूनच 1968 च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी रबराचा पाय तयार केला. बुटाशिवाय, अनवाणी देवळात जाता येईल असा. व्हीलचेअरसाठी काही देवस्थाने दाराशी स्वतःची खुर्ची ठेवतात. तीत बसण्यासाठी मात्र माणसाला चारचौघांत उचलावे लागते, आणि स्वतःची खुर्ची सोडणे त्याला पाय काढून ठेवण्यासारखे असते. त्यापेक्षा चाके धुऊन, पुसून आत येऊ देणे सोपे. पाय धुण्याचा नळ देवळाच्या दाराशी आधीच असतो.