फळ एकाला, भोग दुसऱ्याला

चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोरची खाडी आहे. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे तिथल्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि एकातले जड तेल समुद्रात सांडले. गळती झालेलीच नाही, असे आधी सांगण्यात आले. मग एरणावूरच्या किनाऱ्यावर डांबरासारखा काळा थर साचला. तो ओढून घ्यायला आणलेल्या यंत्रांचे त्या घट्ट गाळापुढे काही चालेना. शेवटी तटरक्षक दलाचे जवान, कॉलेजची मुले आणि कोळीवाड्यांतली माणसे रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत तेल उपसू लागली.

अशा दृश्याला आपण लगेच निष्काम कर्म म्हणतो. शहरातून आलेल्या मुलांपुरते ते खरेही आहे. त्यांना त्यातून काही मिळायचे नव्हते, तरी ती दिवसभर त्या उग्र वासात राबली. पण त्याच रांगेतल्या मच्छीमाराचे काय? त्याची होडी, त्याचे जाळे, त्याच्या मासळीचा बाजार, सगळेच त्या तेलाखाली गेले होते. तो घर वाचवत होता. त्याच्या कष्टाला निष्काम म्हटले, की ते तेल कोणी सांडले हा प्रश्न मागे पडतो आणि मजुरीचा हिशेबही कोणी मागत नाही. मला हा गौरव अन्यायाचा वाटतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाचा पाऊस झाला तेव्हा हेच पुन्हा घडले. मणलीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या बाजूने पुराच्या पाण्याबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून खाडीत उतरले. तिवरांच्या मुळांवर, होड्यांच्या कडांवर, पाणकोळ्यांच्या पिसांवर तवंग चढला. मच्छीमार होड्या घेऊन निघाले आणि प्लास्टिकच्या मगांनी तेल पिंपांत भरू लागले. त्याच महिन्यात २६ तारखेच्या रात्री खत कारखान्याच्या समुद्राखालून येणाऱ्या नळीतून अमोनिया सुटला. पेरियकुप्पममधली माणसे श्वास कोंडत, पोरांना कडेवर घेऊन रस्त्यावर पळाली. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या नळ्या तर वर्षानुवर्षे या खाडीत गळत आल्या आहेत.

आपल्या दर्शनांनी कर्मसिद्धान्त मांडताना दोन दोष टाळण्याची फार काळजी घेतली. केलेले कर्म वाया जाऊ नये, हा ‘कृतनाश’ टाळायचा. आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणाच्या वाट्याला येऊ नये, हा ‘अकृताभ्यागम’ टाळायचा. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात संसार अनादि मानण्यासाठी हा दुसरा दोष पुढे केला आहे. या दोन कसोट्यांवर एन्नोर पाहा. ज्याने तेल सांडले, राख सोडली, त्याच्या ताळेबंदात त्याची नोंद जेमतेम उमटते. ज्याने काहीच केले नाही, त्याच्या जाळ्यात तेच येते. जे जगात घडूच नये म्हणून सारी तर्कव्यवस्था उभी राहिली, ते इथे उघड्या डोळ्यांना दिसते.

परंपरेने यावर पूर्वजन्माचे उत्तर दिले. या जन्मी हिशेब जुळत नसेल तर मागच्या जन्माचे काही बाकी असेल. बाबासाहेब आंबेडकरांनी या उत्तरावर नेमके बोट ठेवले. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रपर ग्रंथात ते म्हणतात, की पूर्वकर्माचा हा सिद्धान्त गरिबांच्या, पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकू देण्यासाठीच उपयोगी पडतो. एन्नोरमध्ये तर मागच्या जन्मात डोकावण्याची गरजच नाही. तेल कुठून आले हे कालव्याच्या काठाने वर चालत गेले तरी कळते.

मग गीतेचे काय? कामावर तुझा अधिकार, फळावर नाही, ही शिकवण आपल्याकडे फार सोयीने वापरली जाते. ज्याच्या हाती काही लागलेले नाही त्याला फळाची आशा धरू नको म्हणून सांगायचे, आणि ज्याला फळ मिळाले त्याला कोणी काही विचारायचे नाही. पण अठरावा अध्याय वाचताना मी नेहमी एका जागी थांबतो. तिथे आसक्ती आणि फळाची इच्छा सोडून केलेल्या कर्माला सात्त्विक म्हटले आहे. आणि लगेच दोनच श्लोकांनंतर तामस कर्माचे लक्षण येते: परिणाम, नाश, हिंसा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. म्हणजे स्वतःच्या लाभाची ओढ सोडायची, पण आपल्या कृतीने दुसऱ्यावर काय कोसळेल याचा विचार मात्र सोडायचा नाही. पूरमैदानात, नदीच्या मुखाशी प्रकल्प उभारायचे आणि मुसळधार पावसात पाणी कुठे जाईल, सोबत काय नेईल याची तजवीज करायची नाही, हे कर्म गीतेच्याच मापाने तामस ठरते. ‘कुवत’ तर इथे अगदी शब्दशः लागू पडते. सांडलेले आवरण्याची तयारी नसताना साठवण्याचे धाडस करायचे!

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहावर एवढा भर दिला, तो ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही हे ठसवण्यासाठी. लोकसंग्रह म्हणजे लोकांचे धारण. ही अपेक्षा गीता आधी श्रेष्ठांकडून, इतर ज्यांच्या मागे जातात त्यांच्याकडून करते. एन्नोरपुरते हे श्रेष्ठ म्हणजे बंदर, कारखाने, वीज मंडळ, त्यांच्यावर देखरेख करणारी सरकारी खाती. आणि काही अंशी आपणही, कारण ती वीज, ते पेट्रोल, ते खत वापरणारे आपणच. मुंबईजवळ ऑगस्ट २०१० मध्ये दोन जहाजे आदळली तेव्हा तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते; हा प्रश्न दूरच्या तमिळ किनाऱ्याचा आहे असे मराठी माणसाला म्हणता येणार नाही.

२०२३ च्या गळतीनंतर राज्य सरकारने बाधित मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये जाहीर केले, नुकसान झालेल्या होड्यांसाठी वेगळी रक्कम दिली. मदत हवीच होती. पण या खाडीत इरुळर समाजाची माणसेही कोळंबी धरतात, आणि त्यांना ना होडी लागते ना जाळे. उथळ पाण्यात बसत, सरकत ती चिखलात हात चाचपतात. सापडलेली कोळंबी दातांत धरलेल्या झावळीच्या टोपलीत टाकतात. पाण्यावर तेल आले की ते थेट त्यांच्या कातडीला लागते, ओठांपर्यंत येते. होड्या मोजून केलेल्या नुकसानीच्या यादीत हे अंग कोणत्या रकान्यात लिहायचे? ज्याला कर्मफळाचा न्याय मान्य आहे, त्याने हा रकाना आधी भरावा. आणि त्यासाठीचा पैसा त्या तेलाच्या मालकाकडून घ्यावा, मदत म्हणून नव्हे, देणे म्हणून.