पाठ टेकल्यावर

रविवारी माझं दुकान बंद असतं, पण शटर अर्धं वर असतं. पारोळ्यात मोटार रिवाइंडिंगचं काम करतो मी. कापूसवाल्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भिंतीशी रांगेने पडलेल्या असतात, व्हार्निशचा वास असतो, आणि मधे स्टुलावर टीव्ही. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. यूएफसीच्या मिक्स्ड मार्शल आर्टच्या लढती लागलेल्या असतात, जाळीच्या अष्टकोनात दोन माणसं भिडलेली असतात आणि आम्ही चार जण चहाचे ग्लास हातात धरून बोलत असतो. कोणाचा गुडघा गेला, कोण वजनकाट्यावर अर्ध्या किलोने चुकला, कोणाची लढत रद्द झाली. खबीब नावाचा लढवय्या २९ लढतींत एकदाही हरला नाही, तो आज असता तर या पोरांचं काय झालं असतं, हा वाद तर दर महिन्याला निघतोच. मला या गप्पा मनापासून आवडतात. आठवडाभर तांब्याच्या तारेचे आटे मोजणाऱ्या माणसाला त्या सकाळची ओढ असते.

मी स्वतः लाल मातीतला. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. आखाजीला आणि गावोगावच्या यात्रांना दंगली व्हायच्या, त्यात रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात केली. तालमीत शिरताना आधी मारुतीरायाला नमस्कार, मग मातीला. मातीत तेल, ताक, हळद घातलेली असायची. वस्ताद एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: समोरच्याची पाठ टेकली की तुझं काम संपलं. त्याच्या अंगावरची माती झटक आणि त्याला उठव. आमच्याच जिल्ह्यातल्या, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा अख्ख्या खानदेशाची छाती फुगली होती. त्या अभिमानात कुठे खटकण्यासारखं काही नव्हतं. पाठ टेकते, हलगी वाजते, दोघं गळ्यात गळा घालतात.

पिंजऱ्यात मात्र पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. खाली पडलेल्याच्या छातीवर बसून ठोसे मारायचे असतात. तो हाताने दोन-तीनदा थापटून हार मानत नाही, शुद्ध हरपत नाही किंवा पंच मधे पडत नाही, तोवर थांबायचं नसतं. नियम आहेत, डॉक्टर आहे, दोघंही राजीखुशीने आत गेलेले आहेत. तरी माझ्यासारख्या मातीतल्या माणसाला तो फरक पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि मी तो बाजूला ठेवून पाहत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्या चौघांत एक कापडाचे व्यापारी आहेत, जैन. चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांनीच एकदा, चालू लढतीत, आवाज कमी करायला लावून सांगितलं की त्यांच्याकडे हिंसा तीन प्रकारची धरतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तिला मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. कर्म तिन्हींनी बांधलं जातं. पुढे मला कळलं की पतंजलींच्या योगसूत्रांतही हेच तीन शब्द आलेत. म्हणजे हा एका पंथाचा काटेकोरपणा नाही, आपल्याकडच्या जुन्या विचाराचा तो पाया आहे. आमच्यातल्या एकाने लगेच उत्तर दिलं, "शेठ, आपण काय मान डोलावतो? ते लढणारच आहेत. आपण टीव्ही बंद केला तर थांबतील का?" शेठजी म्हणाले, "ते थांबणार नाहीत. पण माझ्या आत काय चाललंय ते तर मला दिसतंय ना?" आणि त्यांनी आवाज पुन्हा वाढवला. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. प्रश्न समजूनही माणूस बसून राहतो, आम्ही सगळेच बसून राहिलो.

त्या प्रश्नाला पहिल्यांदा धार आली ती २५ नोव्हेंबर २०१७ ला. मुंबईचा भरत खंडारे शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. आपला माणूस, कुस्तीच्या अंगाचा. समोर चीनचा सोंग यादोंग, वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायला त्याला अजून आठवडा होता. पहिल्याच फेरीत भरतची मान त्या पोराच्या काखेत अडकली आणि गिलोटिनचा विळखा बसला. दुकानात कोणी बोलेना. आमच्यातल्या एकाने तर टीव्हीकडे पाठ केली. परक्या पोरांच्या गळ्याला हाच विळखा बसायचा तेव्हा "आवळ, आवळ" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा तोच होता. मीही ओरडायचो.

मग माझ्या घरातच ते आलं. धुळ्याला राहणारा माझा भाचा, बहिणीचा धाकटा, तालमीत जायचा. एके दिवशी फोनवर म्हणाला, पुण्याकडे मिक्स्ड मार्शल आर्टची हौशी स्पर्धा आहे, नाव दिलंय. "मामा, तू येशी ना दखाले?" मी हो म्हणायच्या आधीच बहिणीने फोन घेतला. "भाऊ, तुनाच टीव्हीवर दखी दखी शिकना तो. आते तूच समजाड त्याले."

समजवायला धुळ्याला गेलो. पोरगा वजन उतरवत होता. दोन दिवस मीठ बंद, आंघोळीच्या बादलीत कढत पाणी, वर घोंगडी, आणि तोंडाला पाण्याचा फक्त ओलावा. त्याच्या शेजारी बसून बाकीचे कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होते. बहीण एकादशा करणारी बाई. ती एवढंच म्हणाली की देवासाठी उपाशी राहिला असता तर मला काही वाटलं नसतं. त्याचे ओठ सोललेले होते. मी त्याला बरंच सांगितलं: डोक्याला मार बसला की तो पुढे कधी उलटतो सांगता येत नाही, हा खेळ माणसाला जनावर करतो, आपल्या मातीत असलं नाही. सगळं खरं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, हे तू दुकानात कधी का नही बोलना?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मी बहिणीकडेच राहिलो आणि तिच्या देवघराशेजारच्या फळीवरची 'गीता प्रवचने' काढून वाचत बसलो. ज्या गावात मी बसलो होतो त्याच गावच्या तुरुंगात ती सांगितली गेली. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. आणि उतरवून घेत होते साने गुरुजी, आमच्या अमळनेरच्या शाळेत मास्तर असलेले. रविवार हा शब्द वाचून मी थबकलो, कारण माझे रविवार कसे जात होते ते मला माहीत होतं.

पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाची उलटतपासणी घेतात. अर्जुन काही अहिंसावादी झाला नव्हता, ते म्हणतात. कितीतरी लढाया त्याने केल्या होत्या, हात कधी थरथरला नव्हता. थरथरला तो समोर आपली माणसं दिसली तेव्हा. आणि दाखला देतात एका न्यायाधीशाचा. शेकडो आरोपींना फाशी देऊन चुकलेला माणूस. एक दिवस त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर उभा राहतो आणि न्यायाधीश एकदम बोलू लागतो की फाशी ही शिक्षा अमानुष आहे. बोलणं खोटं नाही, पण ते बोलतंय कोण? ज्ञान नव्हे, ममता. विनोबांना त्या ममतेवर बोट ठेवायचं आहे. मी वाचत होतो आणि माझ्यासमोर भाच्याचा सोललेला ओठ होता. तो न्यायाधीश मीच.

इथवर मी विनोबांपुढे मान तुकवतो. त्यांचा युक्तिवाद मला सोडून जाऊ देत नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात त्या रात्रीपासून घोळते आहे आणि ती मला सांगावीशी वाटते. आपल्या मुलाच्या गळ्यात फास दिसला, त्या दिवशी त्या न्यायाधीशाला फास म्हणजे काय ते पहिल्यांदा दिसलं असेल. आधीच्या शेकडो वेळा त्याने फक्त कागद पाहिला होता. दया कुठून तरी सुरू व्हायलाच हवी आणि माणसाच्या बाबतीत ती घरातूनच सुरू होते. आईला जगातलं पहिलं दुःख तिच्या पोराचंच कळतं. तेवढ्यावरून ते दुःख खोटं ठरत नाही. दया आपलेपणातून उगवली म्हणून मी तिला मोह म्हणणार नाही. मोह की दया, हे ठरतं नंतर. समजा, तो मुलगा निर्दोष सुटला. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश पुन्हा खुर्चीवर बसला, समोर परक्याचा मुलगा उभा. आता फाशी अमानुष वाटते का? वाटली, तर काल बोलली ती दया होती. नाही वाटली, तर विनोबा म्हणतात तेच खरं.

दुसऱ्या दिवशी एका मित्राने मला धीर द्यायला गीतेचाच आधार दिला. आत्मा मरत नाही, त्याला शस्त्र लागत नाही, तू कशाला घाबरतोस? अशा वेळी हा आधार काढला की माझ्या अंगावर काटा येतो. तो अध्याय खरा आहे, पण तो ज्याचा त्याने स्वतःच्या देहाकडे पाहून म्हणायचा आहे. दुसऱ्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणायचा नाही. माझ्या बहिणीने आत्मा वाढवलेला नाही. तिने वाढवली आहेत हाडं.

खबीबची गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवायची. जुलै २०२० मध्ये त्याचे वडील गेले, तेच त्याचे वस्ताद. २४ ऑक्टोबरला अबू धाबीत त्याने जस्टिन गेजीला पायांच्या त्रिकोणात आवळून हरवलं, पिंजऱ्याच्या मधोमध बसून रडला, हातमोजे काढून खाली ठेवले आणि सांगितलं की वडिलांशिवाय लढणार नाही असा आईला शब्द दिलाय. तेव्हा आम्ही दुकानात हळहळलो होतो, तिसावी जिंकायला हवी होती म्हणून. आता वाटतं, ममतेने थांबलेल्या त्या माणसाला कमी कोणत्या तोंडाने म्हणायचं? आईच्या शब्दासाठी इतकी मोठी गोष्ट खाली ठेवणं हाही धर्मच. जिंकलेला असताना त्याने ती खाली ठेवली.

भाच्याला मी अडवलं नाही. तसा अधिकार मला उरला नव्हता. रात्रीच्या एसटीने दोघं गेलो.

हॉल साधा होता, पत्र्याचा. हौशींचे नियम सौम्य असतात: तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, पायाला पॅड, हातात जाडसर ग्लोव्ह. समोरचा मुलगा मराठवाड्याकडचा, एकोणीस-वीसचा, भाच्यासारखाच वाळलेला. पहिल्या फेरीत त्याचे दोन ठोसे भाच्याच्या गालावर बसले. टीव्हीवर तो आवाज येत नाही. ओल्या गोणपाटावर दांडा मारावा तसा आवाज असतो तो. माझे गुडघे गेले. मी अर्धवट उठून "थांबवा" म्हणालो, कोणाला ऐकू गेलं नाही. डोळे मिटून मारुतीचं नाव घेत बसलो.

दुसऱ्या फेरीत भाच्याने दुहेरी पट काढला. मीच शिकवलेला, तो आठ वर्षांचा असताना, आमच्या खळ्यात. पोरगं उचललं आणि आपटलं, स्वच्छ, पाठ पूर्ण टेकली. माझ्या कानात हलगी वाजली. पण इथे हलगी नव्हती. भाचा त्याच्या छातीवर चढला आणि मारू लागला. एक, दोन, तीन. खालच्याचे हात तोंडापुढे आले, मग बाजूला पडले. आणि कोणीतरी माझ्या शेजारी ओरडत होतं, "मार, मार, सोडू नको!" घसा दुखला तेव्हा कळलं की तो माझाच आवाज आहे.

पंचाने झेप घेऊन भाच्याला बाजूला केलं. हॉल नाचत होता. चार मिनिटांपूर्वी "थांबवा" म्हणणारा मी. मुलगा निर्दोष सुटला होता आणि मी पुन्हा खुर्चीवर बसलो होतो.

मी खाली उतरलो. भाच्याभोवती गर्दी होती, त्याला माझी गरज नव्हती. दाराशी थंड पेयांचा गाडा होता, त्याच्याकडून बर्फ घेतला आणि रुमालात बांधला. तो दुसरा मुलगा मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटाच बसला होता. डॉक्टर त्याला तपासून गेले होते, त्याचा कोच पुढच्या लढतीच्या पोराबरोबर गेला होता. डावा डोळा पूर्ण बंद झालेला, भुवईखाली जांभळट फुगा. मी न विचारता बर्फ लावला. तो आधी दचकला, मग त्याने डोकं माझ्या हातावर टेकवलं. मान सोडून दिली, झोपेतलं पोर सोडतं तशी.

बर्‍याच वेळाने त्याने विचारलं, "काका, तुम्ही कोणाकडून आलात?"

"मामा आहे मी," म्हणालो. कोणाचा ते त्याने विचारलं नाही. बर्फाचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिकडून भाचा फोटोसाठी हाक मारत होता. मी मोकळ्या हाताने त्याला थांब म्हणून खूण केली.