आधी उपाली

शाक्यांना कुळाचा भारी अभिमान. थेट इक्ष्वाकूपर्यंत वंशावळ सांगणारे हे लोक. धर्मानंद कोसंबींनी शाक्यांच्या गणराज्याकडे लक्ष वेधले आहे. त्या दृष्टीने शुद्धोदन सम्राट नव्हता, गणातला एक प्रमुख होता. तोरा मात्र राजकुळाचाच. त्या घरचा सिद्धार्थ बुद्ध होऊन कपिलवस्तूला आला आणि दारोदार भिक्षा मागू लागला. आपल्या कुळाला हे शोभत नाही, असे वडील म्हणाले. तेव्हा, ते कुळ तुमचे, माझे कुळ बुद्धांचे, असे त्याने नम्रपणे सांगितले.

पुढे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, देवदत्त हे शाक्य कुमार प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घ्यायला निघाले. सीमेपलीकडे गेल्यावर त्यांनी दागिने उतरवले, उपरण्यात बांधले आणि गाठोडे सोबतच्या उपाली न्हाव्याला दिले. एवढ्यात तुझा जन्म निघेल, आता परत जा, म्हणाले. उपाली वळला खरा, पण पाऊल पुढे पडेना. गाठोडे झाडाला टांगून तोही मागोमाग आला. मग कुमारांनीच बुद्धांना विनवले, याला आधी दीक्षा द्या. संघात आधी येणारा ज्येष्ठ. याच्या पाया पडू, तेव्हाच आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, विनय म्हणजे संघाचे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला.

कुळाच्या ताठ्याला बुद्धांनी थारा दिला नाही, पण घरच्यांचे दुःख मनावर घेतले. त्यांच्या छोट्या मुलाने, राहुलने, वारसा मागितला आणि त्याला प्रव्रज्या मिळाली. शुद्धोदन कळवळला. आधी सिद्धार्थ गेला, मग दुसरा मुलगा नंद, आता नातूही. आई-वडिलांच्या संमतीवाचून यापुढे कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, एवढेच त्याने मागितले. बुद्धांनी ते मान्य केले आणि संघाचा तसा नियमच झाला. एका आजोबाच्या दुःखातून सगळ्या आईबापांना आधार मिळाला.

घराणे आपल्याला मोठेपणा देते आणि मायाही देते. मोठेपणा उतरवून ठेवावा, माया मात्र परक्या घरांपर्यंत न्यावी. लग्न जुळवताना, पंगतीला बसताना, कामावरच्या माणसाशी बोलताना आपण कोणत्या घरचे, हे मनात येतेच. त्याच वेळी स्वतःला विचारावे, आपल्या आधी कोणत्या उपालीला मान द्यायचा राहिला आहे?