सार्वकालिक जीवन आणि वारकऱ्याचे मागणे



ख्रिस्ती धर्माचे सार थोडक्यात सांगा, असे कोणा पाद्रीबाबांस विचारले तर ते बहुधा योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून देतील. देवाने जगावरील प्रीतीने आपला पुत्र दिला. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यास मरणाचे भय उरत नाही, त्याला 'सार्वकालिक जीवन' लाभते, असा तेथील अभिप्राय आहे. 'सार्वकालिक जीवन' हा शब्दही मराठी बायबलातलाच. आम्ही कीर्तनकार देहाच्या नाशिवंतपणावर रोज बोलतो. येथे तर न संपणाऱ्या जीवनाचे आश्वासन, तेही यज्ञयाग, तीर्थव्रत काही न करता, केवळ विश्वासावर! वारकऱ्याने यावर काय म्हणावे?

'सर्व धर्म सारखेच हो' असे म्हणून मोकळे होण्याची आजकाल मोठी सोय झाली आहे. त्याने वाद टळतो खरा, पण दोन्हीकडच्या भाविकांना काय हवे आहे हे ऐकून घ्यायचे राहून जाते.

आमच्या मावळात तर हा प्रश्न उंबऱ्याच्या आतही येतो. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, लोणावळ्यास रेल्वेची वस्ती वाढली, तीत ख्रिस्ती कुटुंबेही आली. त्याच लोणावळ्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते आणि देहू-आळंदीस जाते. गेल्या वर्षी नाणे मावळात एका सप्ताहाचे कीर्तन आटोपून बसलो असता एक वृद्ध माळकरी जवळ आले. त्यांची लेक लोणावळ्यास ख्रिस्ती घरात दिलेली. तिने बाप्तिस्माही घेतला आहे. पोर भांडखोर नाही. बाप गेला की एकादशीला आठवणीने वरई करून घालते. पण अलीकडे ती म्हणते, "आबा, तुम्ही पण विश्वास ठेवा ना. नाहीतर मेल्यावर तुम्ही मला कुठं भेटाल?" म्हातारा म्हणाला, "महाराज, बोलता बोलता रडती ती. काय सांगू तिला?"

हा वादाचा पूर्वपक्ष नव्हे. खंडनमंडन शिकलेल्या माणसाने अशा ठिकाणी आपली शस्त्रे खाली ठेवावीत हे बरे. पण विचार तर केलाच पाहिजे.

आधी शब्द पाहू. 'विश्वास' यात 'श्वस्' धातू आहे. ज्याच्याजवळ श्वास मोकळा होतो, छातीवरचे दडपण उतरते, तेथे विश्वास. 'श्रद्धा' शब्दात 'श्रत्' आहे आणि निघंटूत 'श्रत्' हे सत्याच्या नावांत गणले आहे. म्हणजे सत्य म्हणून जेथे जीव ठेवला ती श्रद्धा. लॅटिन भाषेत ख्रिस्ती लोक आपले विश्वासवचन ज्या शब्दाने आरंभितात तो 'क्रेडो' शब्द याच 'श्रद्धा'चा भाऊबंद आहे, असे भाषाशास्त्री सांगतात. तेव्हा 'एखादी गोष्ट खरी मानली की काम झाले' इतका पातळ अर्थ त्यांच्याही घरी नाही.

आता केवळ विश्वासाने तरतो कसा? लूकाच्या शुभवर्तमानात कथा आहे. ख्रिस्ताच्या शेजारी क्रूसावर एक गुन्हेगार लटकत होता. पुण्य काही गाठीला नाही, मरण घटकेवर आलेले. त्याने एवढेच म्हटले की, तुझ्या राज्यात मला विसरू नकोस. आणि त्याला त्याच दिवसाचे वचन मिळाले. हे ऐकून हसणाऱ्या वारकऱ्याने आपला अजामिळ आठवावा. मरताना लेकाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि यमदूत परत गेले! मात्र भागवताच्या सहाव्या स्कंधात पुढे जे आहे ते आमचे बरेच कीर्तनकार, वेळ झाली म्हणून असेल, सांगत नाहीत. अजामिळ त्या दिवशी मेला नाही. तो उठला, झाल्या गोष्टींचा त्याला पश्चात्ताप झाला, घरदार सोडून तो गंगाद्वारी गेला, तेथे त्याने साधन केले आणि मग वैकुंठास गेला. नामाने दार उघडले, पण चालावे त्यालाच लागले. क्रूसावरच्या चोराला चालायला दिवसच उरला नव्हता. ख्रिस्ती लोकांतही यावर पाचशे वर्षे कलह झाला. पौल विश्वासावर भर देतो, तर याकोबाच्या पत्रात कृतीवाचूनचा विश्वास मेलेला ठरतो. लूथरच्या पंथाने आणि रोमच्या चर्चने १९९९ साली ऑग्सबर्ग येथे या वादापुरती बरीचशी समजूत करून घेतली. आमच्याकडे रामानुजीयांत माकडीचे पिल्लू आणि मांजरीचे पिल्लू असा हाच तंटा आहे: पिल्लाने आईला धरायचे, की आईने पिल्लाला उचलायचे?

म्हणजे कृपेच्या बाबतीत आपण त्यांच्यापासून फार दूर नाही. ना. वा. टिळकांना हे कळले होते. हा चित्पावन ब्राह्मण कवी १८९५ साली मुंबईस ख्रिस्ती झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिला. पुढे त्याने ख्रिस्तावर अभंग रचले. आमच्यातल्या काहींना याचा राग येतो. मला येत नाही. त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले, त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. आपल्याच वाड्यातून गेलेल्या वाटा आहेत या.

फरक आहे तो मागण्यात. सार्वकालिक जीवन म्हणजे पुष्कळ काळ जगणे, असे कोणी समजत असेल तर वारकरी ते मागत नाही. तुकोबांनी मुक्ती आणि वैभव दोन्ही नाकारले. नाम मिळू दे, संतसंग मिळू दे, मग खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असे देवाला सांगितले. वेदान्त शिकलेल्याला हे आधी विपरीत वाटते. सगळी दर्शने जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी, आणि हा वाणी म्हणतो पुन्हा घाल! पण भक्ती फळासाठी नसून भक्तीच फळ आहे, हे एकदा ध्यानी आले की ते मागणे सरळ दिसते. नारदांनीही भक्तीला अमृताचेच रूप म्हटले आहे.

आणि गंमत अशी की, योहानाच्याच सतराव्या अध्यायात ख्रिस्त सार्वकालिक जीवनाचा अर्थ सांगतो तो 'देवाला ओळखणे' असा. तेथे किती वर्षे हा हिशोबच नाही, आणि ते मेल्यावरच मिळेल असेही नाही. येथवर टिळकांचा पूल दोन्ही बाजूंनी पक्का आहे.

अडते ते दाराशी. 'या एका नावावाचून जीवन नाही' असे म्हटले, तर इंद्रायणीकाठी शेकडो वर्षे मेलेली माणसे कोठे गेली? ज्यांच्या कानी ते नाव पडलेच नाही त्यांनी काय केले होते? हा आक्षेप मला बळकट वाटतो, आणि जन्म एकच मानणाऱ्यांना तो आमच्यापेक्षा जड जातो, कारण पुढची संधी त्यांच्यापाशी नाही. रोमच्या चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली म्हटले की, स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनोभावे देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला अनुसरतात, तेही तरू शकतात. सगळे पंथ हे मानत नाहीत. पण आपणही जास्त ताठ मानेने बोलू नये. चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले, आणि पंढरीचे देऊळ हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ सालीदेखील साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्ञानोबांनी नवव्या अध्यायावर काय लिहिले ते तोंडपाठ असणारेच दाराशी आडवे उभे होते.

तर म्हाताऱ्याला मी सांगितले: पोरीच्या समाधानासाठी खोटे होय म्हणू नका. मनात नसताना ठेवलेला विश्वास तिच्याही देवाला चालणार नाही. माळ काढू नका, आणि तिलाही तिचा क्रूस काढायला सांगू नका. ती रडते ती तुम्ही हरवाल म्हणून. तेव्हा तिला सिद्धान्त सांगत बसू नका. तिला विचारा, "माये, मी तुझा बाप आहे हे तुझ्या देवाला ठाऊक आहे ना? मग तो मला अनोळखी कसा म्हणेल?" म्हातारा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आणि म्हणालाच तर?" यावर माझ्याजवळ शास्त्राचे उत्तर नव्हते. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात अन्नावाचून गेले. ती पुन्हा भेटतील असे आश्वासन त्यांनी कोणाकडून घेतल्याचे ऐकिवात नाही. ते डोंगरावर जाऊन विठ्ठलापाशी बसले, एवढे आपल्याला ठाऊक आहे. मी तेवढेच सांगितले.

टिळकांच्या घरीही हेच झाले होते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर गेल्या नाहीत. त्यांनी सोवळे सोडले नाही. दुराव्याचा काही काळ तर त्यांनी पंढरपुरातच काढला. पुढे त्या नांदायला गेल्या त्याही आपला धर्म आपल्याजवळ ठेवून, आणि टिळकांनी बळजोरी केली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटले तेव्हा. हे सगळे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे. पण ज्या घरात असे घडले असेल त्याने ते वाचावे, म्हणजे मधली पाच वर्षे त्या बाईने कशी काढली हे दिसते.