शेजारधर्माची हद्द

मनुष्याच्या हातून घडलेली वस्तू बाजारात विकली गेली आणि ज्याचे नावगावही त्याला ठाऊक नाही अशा कोणा परक्याच्या घरी जाऊन पोहोचली, म्हणजे तिच्याविषयीचे त्याचे उत्तरदायित्व संपले असे मानावे, की ती जिथवर जाईल तिथवर त्याचा धर्मही तिच्या मागोमाग जातो असे मानावे, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटला तरी मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. आणि विसाव्या शतकात त्याचा फार गंभीर ऊहापोह झाला तो स्कॉटलंडमधील एका निर्धन स्त्रीच्या दिवाणी दाव्यात.

26 ऑगस्ट 1928 रोजी ग्लासगोजवळच्या पेस्ली येथील एका उपाहारगृहात मे डोनोह्यू या बाईंसाठी त्यांच्या मैत्रिणीने जिंजर बिअर मागविली. बाटली गडद, अपारदर्शक काचेची. आत काय आहे ते ना विकणाऱ्याला दिसे, ना पिणारीला. काही पेय पोटात गेल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली आणि त्यामुळे आपल्याला पोटाचा विकार जडला व मनाला जबर धक्का बसला, अशी बाईंची फिर्याद होती. पैसे मैत्रिणीने मोजलेले, म्हणून दुकानदाराशी बाईंचा करार नाही. पेय बनविणारे स्टीव्हन्सन यांच्याशी तर दोघींपैकी कोणाचाच नाही. आणि तत्कालीन कायद्याचा दंडक असा की, थोडे अपवाद सोडले तर, जिथे करार नाही तिथे निर्मात्याकडे दाद मागण्याचा हक्कही नाही. बाईंचे वकील वॉल्टर लीचमन यांनी अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, बाटलीत मेलेला उंदीर निघाल्याचा असाच एक दावा वरिष्ठ न्यायालयात गमावला होता. तरीही त्यांनी हा दुसरा दावा लावला.

ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या लॉर्डांच्या सभागृहाने 26 मे 1932 रोजी, तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने, बाईंच्या बाजूने निर्णय दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी त्यात आधार घेतला तो ख्रिस्ताच्या उपदेशाचा. शेजाऱ्यावर प्रेम कर, ही आज्ञा ऐकून एका शास्त्र्याने ख्रिस्ताला विचारले होते की माझा शेजारी कोण. आणि उत्तरादाखल ख्रिस्ताने यरुशलेमहून यरीहोकडे जाताना दरोडेखोरांनी घायाळ केलेल्या वाटसरूची कथा सांगितली होती, ज्याला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून गेले आणि ज्याची शुश्रूषा केली ती तिरस्कृत मानल्या गेलेल्या शोमरोनी जमातीच्या एका प्रवाशाने. ॲटकिन यांचे म्हणणे असे की कायदाही हाच प्रश्न विचारतो, परंतु त्याचे उत्तर अधिक संकुचित असते: माझ्या कृतीचा परिणाम ज्यांच्यावर इतका निकट आणि साक्षात होईल की कृती करतानाच मी त्यांचा विचार केला पाहिजे, ते माझे शेजारी.

या संकोचाने धर्माची हानी झाली असे अनेकांना वाटेल, आणि ते अगदीच निराधार नाही. कारण वाटसरूला टाकून गेलेला याजक या कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. तरीही मला वाटते की एका बाबतीत हा निर्णय त्या दृष्टांताच्याही पलीकडे जातो. शोमरोनी प्रवाशाने जखमी मनुष्य डोळ्यांनी पाहिला, आणि पाहिल्यावर त्याच्या हृदयात करुणा उपजली. बाटली भरणाऱ्याला मात्र, जी व्यक्ती कधीच त्याच्या दृष्टीस पडणार नाही, तिला मनश्चक्षूंनी पाहण्याची आज्ञा झाली. मनुस्मृतीतही, ज्याने दुसऱ्याच्या देहाला इजा केली त्याने जखमीच्या उपचाराचा 'समुत्थानव्यय' द्यावा असे विधान आहे. पण तेथे प्रहार करणारा आणि प्रहार सोसणारा समोरासमोर असतात. परोक्ष पीडिताची कल्पना करणे हेच कर्तव्य ठरावे, ही माझ्या मते नीतीच्या इतिहासातील मोठी घटना आहे.

विरोधी मत देणाऱ्या लॉर्ड टॉम्लिन यांनी 1842 साली व्हर्साय मार्गावर आस तुटून झालेल्या भीषण रेल्वे अपघाताची आठवण दिली: मग त्यातील प्रत्येक जखमीने आस बनविणाऱ्यावर दावा लावायचा काय? ही भीती तुच्छ लेखण्याजोगी नाही. ज्याची पूर्वकल्पना कोणाही सावध माणसाला येणे शक्य नव्हते, अशा अनर्थाचे ओझे निर्मात्याच्या शिरावर लादणे हाही अन्यायच होय. पण ज्याची कल्पना येऊ शकत होती, त्याबाबत हा युक्तिवाद लटका पडतो. आणि आपल्याकडे तर त्याच्या जोडीला प्रारब्धाची भाषा येते. पीडिताने मनःशांतीसाठी प्रारब्धाचा आधार घ्यावा, त्याला कोण नको म्हणेल? परंतु ज्याच्या हयगयीने अपाय झाला त्यानेच तो बचाव म्हणून पुढे करणे हा कर्मसिद्धांताचा विपर्यास आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्यांनीही ते द्रव्य विकत घेतलेले नव्हते, निवडलेले नव्हते, पाहिलेलेही नव्हते.

आता न्याय्यतेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. डोनोह्यूबाईंना लॉर्डांपुढे जाता आले ते नादार म्हणून खर्चाची सवलत मिळाल्यामुळे. अंगावरचे कपडे आणि हा दावा वगळता पाच पौंडांचीही मालमत्ता आपल्यापाशी नाही, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले होते. ती सवलत नसती तर ॲटकिन यांचे सारे तत्त्वचिंतन अव्यक्तच राहिले असते. आणि तरीही बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे कधीच शाबीत झाले नाही. निर्णय केवळ कायद्याच्या मुद्द्यावर होता, पुरावा पुढे घ्यायचा होता; त्याच वर्षी स्टीव्हन्सन मरण पावले आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटले.

आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाविषयी स्वतंत्र प्रकरण आले, आणि पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. हे स्वागतार्हच आहे. परंतु दोष प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज ठरत नसेल, तर त्या तपासणीचे शुल्क आयोगाकडे जमा करण्यास तक्रारदारालाच सांगता येते. वस्तू कशी बनली याचे ज्ञान, तिची दप्तरे, तिचे तज्ज्ञ हे सर्व निर्मात्याच्या ताब्यात असता, सत्यशोधनाचा पहिला खर्च अपाय सोसलेल्याने का उचलावा, हे मला पटत नाही. प्रथमदर्शनी तक्रारीत तथ्य दिसताच तो खर्च निर्मात्याकडून घ्यावा, आणि तक्रार खोटी निघाल्यास तक्रारदाराकडून वसूल करावा.