एका शिताची परीक्षा

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट देणारी वेबसाइट तयार होत होती. तिच्या टेस्टिंगचं काम एक मुलगी आणि एक मुलगा पाहत. दोघंही कामसू, दोघंही आपापल्या मतावर ठाम.

मुलगी सगळ्या टेस्ट आपल्या विंडोज लॅपटॉपवर चालवायची. कोडमध्ये एक ओळ बदलली की सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन क्रोम उघडायचं, फॉर्म भरायचं, बटणं दाबायचं आणि थोड्याच वेळात निकाल समोर. चूक निघाली तर टेस्ट तिथंच थांबवून ती कारण शोधायची. "टेस्टिंगच्या क्लाउड सेवेला पैसे कशाला मोजायचे?" ती म्हणायची.

मुलगा प्रत्येक बारीकसारीक बदल क्लाउडवर पाठवायचा. "तिथं मॅक आहेत, खरे आयफोन आहेत. एका लॅपटॉपवर काय कळणार?" पण तिथं प्रत्येक क्लिकची आज्ञा इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे जायची आणि उत्तर परत यायचं. शेकडो क्लिकच्या या हेलपाट्यात वेळ जाई. एकाच वेळी ठरावीक टेस्टच चालत, बाकीच्या रांगेत. मध्येच नेट अडखळलं की चांगली टेस्टही लाल, म्हणजे नापास, होई. लाल इतकं रोजचं झालं, की त्यानं कारण पाहणंच सोडून दिलं.

वेबसाइट सुरू झाली आणि तक्रारी आल्या. जुन्या आयफोनवर अपॉइंटमेंटची तारीखच दिसत नव्हती. एक आजोबा भलत्याच दिवशी दवाखान्यात येऊन परत गेले. कोडमध्ये तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडली होती. क्रोमला ती चालली, आयफोनवरच्या जुन्या सफारी ब्राउझरनं ती तारीख अवैध ठरवली. मुलीला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण विंडोजवर आजची सफारी चालत नाही. मुलाच्या क्लाउडवर ती टेस्ट लाल झाली होती, पण खोट्या लालांच्या गर्दीत खरी हरवली.

दोघं एकमेकांना दोष देऊ लागले. तेव्हा टीमच्या मॅडम म्हणाल्या, "शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला असेल तेव्हा. आपल्या रुग्णांचे फोन निरनिराळे आहेत. रोजचा बदल लॅपटॉपवरच तपासा, तिथं जे नापास होईल ते पुढं पाठवू नका. रिलीजआधी मोजक्या, महत्त्वाच्या टेस्ट क्लाउडवर चालवा, तेही रुग्ण खरोखर वापरतात त्या ब्राउझरवर. आणि कारण कळल्याशिवाय एकही लाल सोडू नका."

पुढच्या रिलीजच्या आदल्या दिवशी क्लाउडवर एकच टेस्ट लाल झाली. मुलानं कारण शोधलं, मुलीनं कोड लिहिणाऱ्यांकडून दुरुस्ती करून घेतली आणि मगच वेबसाइट पुढं गेली. त्या वेळी एकाही रुग्णाला हेलपाटा पडला नाही.

तात्पर्य : काम चालू असताना ते आपल्या यंत्रावर तपासावं, लोकांच्या हाती देण्याआधी मात्र लोकांच्या यंत्रावर तपासावं.