पायांशी

विठ्ठला, तासाभरात त्याचे पाय माझ्या हातात येतील. त्याआधी तुझ्याशी बोलून घेते.

ओहायोत पहाटेचे पावणेपाच वाजलेत. ऑगस्टचा पहिला आठवडा. मैदानापलीकडे डोक्याच्या वर गेलेला मका उभा आहे, त्यावर धुकं उतरलंय. ट्रेनिंग रूमचे दिवे मी अजून लावलेले नाहीत. सहाला शिट्टी वाजेल, तोवर आम्हा तिघांना साठेक घोटे टेपनं बांधायचे आहेत. त्यातले दोन त्याचे.

तो आमचा रनिंग बॅक. कॉलेजातलं शेवटचं वर्ष, शेवटचा हंगाम, बारा सामने. त्याचं नाव मी तुला सांगायला नको. अलाबामातल्या एका घरात त्याची आजी रोज रात्री ते तिच्या प्रभूला सांगते. तिची हाक माझ्या आधीची आहे. दर्शनबारीत मी तिच्या मागे उभी राहीन, मला घाई नाही. फक्त रांगेत असू दे.

मी फलटणची, हे तुला ठाऊकच आहे. ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला आली की माझी आजी ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसायची. येईल त्या वारकऱ्याचे पाय धुवायचे, कोमट तेल लावायचं, भेगांतली माती हळूच काढायची. तिचा एक नियम होता. पायाला हात लावताना तोंडाकडे बघायचं नाही. कोण, कुठला, कुणाचा, काही विचारायचं नाही. पाय दारी आले म्हणजे तूच आलास. तिचेच हात घेऊन मी एवढ्या लांब आले. घोटा काटकोनात धरायचा, आधी पातळ फोमची पट्टी, मग पांढरी टेप. टाचेखालून दोन्ही बाजूंनी वर, टाचेला विळखा, शेवटी आठाच्या आकड्यासारखे वेढे. एक सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत फोड येतो. मनगटावरच्या टेपवर त्याला काळ्या शाईनं आजीचं नाव लिहून हवं असतं. तेही मीच लिहिते, आता ते अक्षर माझ्या हातात बसलंय.

त्याचं काम तू आमच्याकडे पाहिलं आहेस. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागतं. वारकरी दोन्ही बाजूंना दाटीनं उभे राहतात, मधे वाट मोकळी होते आणि त्या वाटेनं माउलींचा अश्व धावत सुटतो. पाठीवर स्वार नसतो. तो गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावतात. इथला फुटबॉल मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तेच आठवलं. पुढे पाच धिप्पाड गडी, त्यांनी समोरच्यांना रेटलं की क्षणभर एक फट पडते. क्वार्टरबॅक चेंडू याच्या पोटाशी देतो आणि यानं त्या फटीत शिरायचं. पण इथली वाट कुणी भक्तीनं मोकळी करत नाही. ती उघडते न उघडते तोच मिटते. आधी पोचला तर आपल्याच माणसांच्या पाठीवर आदळणार, उशिरा पोचला तर पलीकडचे अकराच्या अकरा त्याच्यावर. म्हणून हे धावणं बरंचसं थांबण्याचं काम आहे. दोन पावलं दमानं, नजर वर, आणि मग सगळं अंग एकदम. हे थांबणं त्याला साधलंय. ते त्याच्यापाशी राहू दे.

आणि देवा, त्याच्या धावण्याचा शेवट जवळजवळ दर वेळी जमिनीवर होतो. सामन्यात पंधरा-वीस वेळा चेंडू घ्यायचा आणि तितक्याच वेळा आपटायचं. चेंडू त्याच्याकडे नसतो तेव्हाही सुटका नाही. पलीकडचा लाइनबॅकर क्वार्टरबॅकवर चाल करून आला की यानं मधे उभं राहायचं, आपल्याहून जड माणसाचा धक्का छातीवर घ्यायचा. त्या धक्क्याची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या पडलेल्या बरगड्यांवर बर्फ लावताना ती मला दिसते. तू ती कुठेतरी लिहून ठेव.

उजव्या गुडघ्याचं मी तुला पूर्वीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, कुणाचा धक्काही न लागता, वळताना पाय रुतला आणि गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटला. डॉक्टरांनी त्याच्याच वाटीखालच्या कंडरेची पट्टी काढून तिथे बसवली. शस्त्रक्रियेनंतर मांडी ऐकेनाशी होते. पाय सरळ ठेवून नुसती मांडी आवळायची, एवढाच पहिला व्यायाम. जो पोरगा खांद्यावर दीडशे किलो घेऊन बैठका मारायचा, त्याला ते जमेना. तो आपल्या मांडीकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसा बघत राहिला. तिसऱ्या दिवशीही काही नाही. चौथ्या दिवशी कातडीखाली एक थरथर आली. माझा हात तिथेच होता, म्हणून आधी मला कळलं. मी म्हटलं, पुन्हा कर. त्यानं पुन्हा केलं आणि तो हुंदके देऊन रडला. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मी त्याला कधी रडताना पाहिलं नाही, चिडताना मात्र पुष्कळ पाहिलं.

त्या दिवसांत तो फोनवर मार्कस लॅटिमोर पुन्हा पुन्हा पाहायचा. साउथ कॅरोलायनाचा रनिंग बॅक. 27 ऑक्टोबर 2012 ला टेनेसीविरुद्ध त्याचा गुडघा असा मोडला की दोन्ही संघ मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघानं त्याला निवडलंही. त्यानं जीव तोडून प्रयत्न केला आणि 2014 मध्ये तिथला एकही सामना न खेळता तो थांबला. मी फोन काढून घेतला नाही. आपल्या भीतीला तोंड असावं असं त्याला वाटत असेल तर ते त्याला बघू द्यावं, असं मला वाटलं. तेव्हा तुझ्याकडे एकच मागितलं होतं, तो पुन्हा धावू दे. तू ते दिलंस. आज आणखी मागायला आले म्हणून रागावू नको.

आधी या आठवड्यापुरतं मागते. ऑगस्टच्या उन्हाची मला सगळ्यात धास्ती. पहिले दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग सगळं चिलखत, अशी अंगाला सवय लावत न्यायची. मैदानाच्या कडेला मी रोज एक मोठा टब बर्फाच्या पाण्यानं भरून ठेवते. ज्याच्या अंगाची भट्टी होईल त्याला आधी त्यात बुडवायचं, ॲम्ब्युलन्समध्ये नंतर. जॉर्डन मॅकनेअर 19 वर्षांचा होता, मेरीलँड विद्यापीठाचा. 29 मे 2018 ला सरावात धावताना त्याला उष्माघात झाला. त्याला थंड पाण्यात उतरवलं गेलं नाही. 13 जूनला तो गेला. रोज संध्याकाळी मी आमचा टब गवतात उपडा करते, तेव्हा तुझं नाव घेते. विठ्ठला, हे पाणी असंच रोज वाया जाऊ दे.

हा खेळ आपले नियम बहुतेक मेलेल्या पोरांकडून शिकलाय. 1905 च्या एका हंगामात डझनाहून जास्त मुलं गेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खडसावलं. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे ती जीवघेणी रेटारेटी जरा सैल झाली. तरी डोकं अजून तेच आहे, आणि कवटीच्या आत त्याला कुठली टेप लावता येत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये छापलं की, कॉलेजपर्यंत खेळलेल्या ज्या 53 जणांचे मेंदू त्यांनी तपासले त्यांतल्या 48 जणांत मेंदू झिजवणारा तो आजार होता. ते मेंदू घरच्यांनी दान दिलेले, बहुधा शंका आली म्हणूनच. सगळ्याच खेळाडूंचं प्रमाण तेवढं नसणार, हे मला कळतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते कळणं उपयोगी पडत नाही.

आता तुझ्यापुढे एक कबूल करते. नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी, दुसरा मुलगा. तो लंगडत बाहेर आला म्हणून मी खाली बसले आणि त्याचा घोटा चाचपू लागले. घोट्याला काही झालं नव्हतं. मान खाली ठेवूनच विचारलं, ठीक आहेस? तो म्हणाला, ठीक. मी बुटाची नाडी आवळली आणि त्याला जाऊ दिलं. दोन खेळींनंतर तो भलत्याच बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथे त्याला दुसरा मार बसला. पहिला मार डोक्याला होता. माझ्या वीतभर वर त्याचे डोळे होते. मी वर पाहिलं असतं तर मला कळलं असतं. पुढचं वर्ष त्यानं पडदे ओढलेल्या खोलीत काढलं. उजेड सोसेना, पानभर वाचवेना. त्याचं कॉलेज सुटलं.

माझी आजी चुकली नव्हती, पांडुरंगा. तिच्या ओट्यावर येणाऱ्या वारकऱ्याला लपवण्यासारखं काही नव्हतं. दुखतंय तिथे तो बोट ठेवायचा. ही पोरं लपवतात. कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा पुढे व्यावसायिक होत नाहीत, हे त्यांना पाठ असतं, आणि तरीही प्रत्येकाला वाटतं की आज बसलो तर जागा गेली. शेवटच्या वर्षाच्या मुलाला तर ते फारच वाटतं. त्याच्यापुढे पुढचं वर्ष नसतं.

म्हणून माझं मागणं यार्डांचं नाही, टचडाउनचंही नाही. ते त्याची आजी मागते आणि तिनं मागावंच. मी मागते ते हे की, डोकं गरगरलं तर त्याला खरं बोलण्याचं बळ दे. आणि त्या वेळी तो खोटं बोललाच, तर मला ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येऊ दे. नियमानं शेवटचा शब्द माझा आहे, कोचचा नाही. पण चौथ्या क्वार्टरमध्ये तीन गुणांनी मागे असताना, तो हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून विनवत असताना, तो शब्द माझ्या घशातून निघायला हवा. त्याचं हेल्मेट काढून मी काखेत धरलं तर तो मला आयुष्यभर माफ करणार नाही कदाचित. तेही सोसायची माझी तयारी करून घे.

सप्टेंबरात आम्ही एका मोठ्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये जाऊ, लाखाहून अधिक माणसांपुढे. तिथे जाऊन हरण्याचे आमच्या विद्यापीठाला पैसे मिळतात, मार पोरांना मिळतो. ती दुपार सांभाळ. नोव्हेंबरात टीव्हीसाठी मंगळवारी-बुधवारी रात्री सामने असतात, थंडीनं टेपसुद्धा चिकटत नाही. त्या रात्री सांभाळ. त्याच्यापुढच्या पाच जणांचे गुडघेही सांभाळ, तो त्यांच्याचसाठी थांबलाय. 2021 पासून या मुलांना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, संघ बदलणंही सोपं झालंय. गेल्या हिवाळ्यात त्याला मोठ्या ठिकाणांहून निरोप आले होते. तो गेला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, यांच्या पाठी मी ओळखतो.

मे महिन्यात तो शिक्षक होऊन बाहेर पडेल. वसंतात तो इथल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर जायचा. मुलं त्याच्या दंडाला लोंबकळायची आणि तो त्यांना तसंच घेऊन फळ्यापर्यंत जायचा. त्या मुलांची नावं त्याला चाळिशीतही आठवू देत. स्वतःच्या घराचा रस्ता, आजीच्या हातची चव, मी मनगटावर लिहिलेलं ते नाव, सगळं आठवू दे.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून पुकारतात, घरची माणसं मैदानात येऊन उभी राहतात. त्याची आजी त्या दिवशी पहिल्यांदा इथे येणार आहे. अलाबामाहून बसनं, गुडघे धरून. त्यानं हातात फुलं घेऊन तिच्यापर्यंत चालत जावं. धावत नको, चालतच. कुबड्यांशिवाय, आणि तिला पाहून लगेच ओळखत. मी कडेला उभी असेन. तेवढं मला बघू दे.

जिन्यावर पावलं वाजली. डाव्या पायावर जरा जास्त भार टाकतो, म्हणजे तोच. दिवा लावते. आता तो टेबलावर चढेल, पाय पुढे करेल, डोळे मिटून गाणी ऐकत बसेल. टेप हातात घेण्याआधी मी त्याला हाक मारीन, कानातलं काढायला सांगीन, आणि झोप कशी झाली ते विचारीन. तो उत्तर देईपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे बघत राहीन. आजीला सांग, विठ्ठला, की मी नियम मोडला.